फिल्टर प्लँटच्या गच्चीवरचं वाळवण

आमच्या ले-आउटमध्ये, म्हणजे वस्तीत, कुणाच्या घरी काय शिजतंय, ते त्या घरच्या माणसाआधी विमलला कळतं, अशी माझी बदनामी आहे. बदनामी खरी आहे. माझ्या ओट्यावरून समोरची घरं दिसतात आणि मागच्या खिडकीतून उरलेली. असं असूनही समोरच्या बळीरामभाऊंच्या इंद्रजितनं मला चांगली दोन-तीन वर्षं गंडवलं. मला म्हणजे सगळ्या वस्तीलाच.

यवतमाळहून दारव्ह्याकडे निघालं की शहर संपतं न संपतं तिथं आमची वस्ती. बहुतेक घरं आमच्याच बौद्ध समाजाची. कुणी मास्तर, कुणी कंडक्टर. बळीरामभाऊ पोस्टातून निवृत्त. त्यांची बायको कौसल्यावहिनी म्हणजे आवाजानं कमी आणि अभिमानानं जास्त बाई. मुलगी प्रियंका, आणि थोरला हा इंद्रजित. उंच, काटकुळा, आणि बोलायला असा कंजूष की शब्दागणिक पोस्टाचं तिकीट लागतं असं वाटावं.

बी.एस्सी. होऊन पोरगं बरेच दिवस घरी बसलं होतं. मग नाल्यापलीकडे एक नवा प्लँट उभा राहिला, तिथं ठेकेदाराकडे ऑपरेटर म्हणून लागलं. वहिनींनी विचारलं, "कायचा प्लँट हाय रे?"

"पाण्याचा. पाणी साफ करतो."

एवढंच बोलला, आणि त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. कुठून आलेलं पाणी, ते मात्र त्यानं सांगितलं नाही. वहिनींनी संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीत ‘आमचा इंद्रजित फिल्टर प्लँटवर साहेब हाय’ करून टाकलं. त्या दिवसापासून नळ आला नाही की बाया त्याला अडवायच्या. "इंद्रजित, नळ कधी सोडून राह्यले तुम्ही?" तो बिचारा खाली बघत म्हणायचा, "उद्या येतीन मावशी." आमच्याकडे नळ आले तर आले, आणि इंद्रजितच्या सांगण्यावर तर कधीच आले नाहीत. मी म्हणायची, "अरे, सोताच्या घरचा तरी सोड!" तो हसायचा. हसताना कान लाल व्हायचे.

आणखी एक. कामावरून येताना तो आंघोळ करूनच यायचा. कपडे बदललेले, केस ओले, अंगाला औषधी साबणाचा वास. वहिनी म्हणायच्या, साहेब लोकांची सवय. मी मात्र ओट्यावर जाहीर केलं होतं, "पोट्ट्याचं कुठं तरी जमलं हाय. घरी येताना कोणी आंघोळ करते काय?"

आता सांगूनच टाकते, कारण पुढचं कळायला ते आधी कळायला हवं. तो प्लँट फिल्टर प्लँट नव्हता. पलीकडच्या साऱ्या नव्या कॉलन्यांच्या संडास-मोऱ्यांचं पाणी जमिनीखालच्या नळ्यांनी तिथं येतं, आणि ते साफ करून नाल्यात सोडतात. वाईट काम नाही. कुणीतरी करायलाच हवं असं काम. पण ते त्या घरात सांगणं इंद्रजितला जमलं नाही, आणि त्याचं कारण त्याच्या आजोबांपासून सुरू होतं.

आजोबांचं नाव उकंडा. आधीची लेकरं जगली नव्हती म्हणून जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून उचलून आणलेलं पोर, म्हणून उकंडा. दारव्ह्याकडच्या एका खेड्यात राहायचे. गावातली मेलेली ढोरं ओढून नेणं त्यांच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या होतं. छप्पन साली दीक्षा घेऊन आले आणि आल्या आल्या गावच्या पाटलाचा बैल मेला. निरोप आला. उकंडाबाबा दारात उभे राहून म्हणाले, "बैल तुमचा, तुम्ही ओढा." बैल तिथंच फुगला. गावानं या घराची विहीर बंद केली, दुकान बंद केलं, काम बंद केलं. शेवटी बिऱ्हाड डोक्यावर घेऊन ते यवतमाळला आले. बळीरामभाऊ तेव्हा आईच्या कडेवर होते.

ही गोष्ट बळीरामभाऊ दरवर्षी विहारात सांगतात. आम्हाला पाठ आहे. कुठं थांबतात, कुठं चष्मा पुसतात, तेही. शेवटचं वाक्य ठरलेलं असतं : "या घरातला माणूस पुन्हा दुसऱ्याची घाण उचलणार नाही." तेव्हा इंद्रजित मागच्या रांगेत मान खाली घालून बसलेला असायचा. मला वाटायचं, काय संस्कारी पोर आहे!

तर यंदाच्या उन्हाळ्यात प्रियंकाचं लग्न ठरलं. मुलगा मारेगावचा. मुलाची आई वच्छलाबाई, आणि तिची कीर्ती तिच्याआधी येऊन पोचली होती. ही बाई दुसऱ्याच्या घरचं वाळवण कच्चं मोडून तोंडात टाकते आणि मीठ सांगते म्हणे. मग काय, कौसल्यावहिनींच्या अंगात रुखवत संचारलं. कुरडया, पापड, काडीवर वळलेले सरगुंडे, मुगाच्या वड्या. "मारेगावच्या बाया तोंडात बोट घालतीन असं करतो," म्हणाल्या.

पहिला घाणा त्यांनी घरच्या गच्चीवर घातला. दुपारी वांदरांची टोळी आली. लंगूर ते, त्यांना कुणाच्या रुखवताचं काय? चादरीसकट कुरडया घेऊन लिंबावर जाऊन बसले. एक हुप्प्या तर पापड मोडून मोडून असा खात होता, जशी काही वच्छलाबाईच मीठ बघायला आली. मी हसून हसून लोळले. वहिनी रडल्या.

"रडता कायले?" मी म्हटलं. "दुसरी जागा पाह्यू."

वहिनींनी पदरानं डोळे पुसले आणि एकदम उजळल्या. "इंद्रजितच्या प्लँटची गच्ची! मी डबा द्यायले गेलती तं फाटकातून पाह्यली. आरशासारखी हाय. तारेचं कुंपण हाय, चौकीदार हाय. वांदराची काय बिशाद?"

झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी परात, पातेली, साचे, चादरी, लेकरं, सगळा लवाजमा ऑटोत घालून आम्ही निघालो. गव्हाचा चीक घरूनच शिजवून गरम पातेल्यात घेतला होता. इंद्रजितला वहिनींनी मुद्दाम सांगितलं नव्हतं. "आनंद होईन पोराले," म्हणाल्या.

फाटकावर फुलसिंग चौकीदार. पलीकडच्या तांड्यावरचा, मिशीवाला, गोड माणूस. त्यानं परातींकडे पाहिलं, साच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं.

"माय, इथं कायले आणलं हे?"

"तुझ्या साहेबाची माय हाय मी."

"थे ठीक हाय माय. पण इथं कोणी खाण्याचं..."

"फुलसिंगभाऊ!" आतून इंद्रजित धावत आला. त्या पोराचा एवढा मोठा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. "तुम्ही पंपाकडे जा. मी पाहतो."

फुलसिंग गेला, पण मागे वळून वळून बघत गेला. इंद्रजितच्या हनुवटीखाली मास्क लोंबत होता आणि चेहरा चादरीसारखा पांढरा पडला होता.

"आई, इथं नको. लय ऊन हाय."

"ऊनच पाह्यजे ना रे! कुरडया हाय का आइस्क्रीम हाय?"

"साहेब रागावते."

"तूच साहेब ना?"

बाया हसल्या. वहिनींनी त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि चेष्टेतच म्हणाल्या, "आम्ही अडाणी बाया तुझ्या हापिसात आलो तं तुले लाज वाटून राह्यली काय?"

इंद्रजित बाजूला झाला. आम्ही जिना चढलो.

गच्ची खरंच देखणी होती. खाली लागूनच एक भली मोठी टाकी. तिच्यात भुरकं, फेसाळ पाणी, आणि त्यात ताक घुसळणाऱ्या रवीसारखे मोठाले पंखे गरगरत होते. पाणी उसळत होतं, आणि वाऱ्याबरोबर त्याचा बारीक फवारा आमच्या अंगावर येत होता. वास? थोडा ओलसर, मातकट. घाण वास नव्हता. प्लँट नीट चालला तर येत नाही म्हणे.

"पाणी लय गढूळ हाय वं," मी म्हटलं.

"धरणाचं असंच येते. मग साफ करतेत," वहिनी म्हणाल्या, जशा काही त्याच चीफ इंजिनियर.

शेजारच्या हंसाबाई तर कठड्याशी उभ्या राहिल्या, डोळे मिटले आणि तोंड फवाऱ्यात धरलं. "अवं माय, कुलर लावला वं या पोट्ट्यानं! या, या, लेकरं आणा इकडे." आम्ही लेकरं नेली. भर एप्रिलमध्ये यवतमाळात गार वारा लागला तर माणूस पत्ता विचारतो काय?

साच्यातून कुरडया पडत होत्या. चीक म्हटला की खाणं आलंच. गरम चीक, वर साखर, बोटांनी चाटायचा. पापडाच्या लाट्या तेलात बुडवून कच्च्याच खायच्या. सगळ्यांनी खाल्लं. वहिनींनी एक मोठा घास करून जिन्यात उभ्या इंद्रजितच्या तोंडापुढे धरला. त्यानं आईकडे पाहिलं, घासाकडे पाहिलं, आणि खाल्ला. मग मास्क वर ओढला.

मी विचारलं, "तोंडाले हे काहून बांधलं रे? कोणाले तोंड दाखवायची लाज वाटते?"

सगळी गच्ची हसली.

"धूळ हाय मावशी," तो म्हणाला.

त्याला काय ठाऊक होतं, ते त्यानं मला नंतर सांगितलं. आदल्या हिवाळ्यात कुठल्या तरी कॉलेजच्या पोरी तपासणीला आल्या होत्या. जंतूंचं खाद्य घातलेल्या काचेच्या ताटल्या त्यांनी टाकीजवळ, गच्चीवर आणि लांब फाटकावर थोडा थोडा वेळ उघड्या ठेवल्या होत्या. नंतर फोटो पाठवले. फाटकाच्या ताटलीवर चार-दोन ठिपके. गच्चीवरच्या ताटलीवर तीळ लावलेल्या भाकरीसारखे दाट ठिपके. पाणी घुसळलं की त्याचे बुडबुडे फुटतात, बुडबुड्यातून नजरेला न दिसणारे थेंब उडतात, आणि थेंबावर बसून घाणीतले जंतू वाऱ्याबरोबर निघतात. त्या पोरींनी सांगितलं होतं, टाकीजवळ मास्क लावा, आणि इथं काही खाऊ-पिऊ नका. तेव्हापासून इंद्रजित डबासुद्धा फाटकाबाहेर, फुलसिंगच्या खोलीच्या पलीकडे जाऊन खायचा.

हे सगळं त्याच्या जिभेवर होतं, आणि आम्ही समोर बोटं चाटत होतो. बोलायचं तर आधी ‘हे पाणी कशाचं’ इथून सुरुवात करायला लागणार. ते एक वाक्य त्याच्या गळ्यातून वर येईना.

त्यानं मग दुसरीच शक्कल काढली. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर पंखे बंद.

"आज कुलर बंद काहून?" हंसाबाई हिरमुसल्या.

"काम चालू हाय काकू."

आम्ही पोचलो की तो पंखे बंद करायचा, आम्ही गेलो की चालू करायचा. आमचं वाळवण चांगलं लांबलं, कारण रुखवत पाहून वस्तीतल्या बाकीच्या बायांनाही चेव आला. सगळ्यांनीच तिथं घातलं. पोरगं रोज दिवसभर पंखे बंद ठेवत गेलं. आणि तिथंच फसलं.

कारण त्या टाकीत सगळेच जंतू वाईट नसतात. घाण खाऊन पाणी साफ करणारेही त्यातच पोसलेले असतात, आणि त्यांना हवा लागते. पंखे त्यासाठीच. हवा बंद झाली तसे ते गुदमरले. भुरकं पाणी काळं पडलं, आणि सुटला वास. असातसा नाही. आमच्या वस्तीत लोकांनी पलंगाखाली मेलेले उंदीर शोधले. मी माझ्या नवऱ्याचे मोजे धुतले, मग बूट धुतले, शेवटी त्याच्याकडेच संशयानं बघायला लागले. बळीरामभाऊ अंगणात उभे राहून नाक वर करून म्हणाले, "ढोराचा नोहे हा वास. मले माहीत हाय ढोराचा. हा दुसराच हाय."

इंद्रजित तेव्हा गाडी काढत होता. गाडी त्याच्या हातून पडली.

त्याच आठवड्यात हंसाबाईंचं पोट बिघडलं, दोन-चार लेकरांना हगवण लागली, मला खोकला धरला. डॉक्टर म्हणाले, उन्हाळा आहे, असं चालायचंच. असेलही. कुणाचं पोट कशानं बिघडलं, हे कोण छातीवर हात ठेवून सांगणार? पण इंद्रजित रोज संध्याकाळी हंसाबाईंकडे नारळपाणी पोचवायला लागला, तेव्हा मी ओट्यावरून म्हटलं, "काहून रे, एवढी सेवा? काही पाप केलं काय?" त्यानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि पावलं उचलली.

बस्त्याच्या दिवशी मारेगावची मंडळी आली. बाजारात लग्नाचे कपडे घेऊन झाले आणि जेवायला सगळे समोरच्या घरी. मी अर्थातच पोळ्या लाटायला. वच्छलाबाई ऑटोतून उतरल्या त्याच नाकाला पदर लावून. दीड-दोन वर्षांची नात कडेवर.

"इकडे काही मेलं काय वं?"

वहिनी कसनुशा हसल्या आणि त्यांना घाईघाईनं आत घेऊन गेल्या. आत पलंगावर सगळं रुखवत मांडून ठेवलं होतं. गुलाबी फितीनं बांधलेल्या कुरडया, पापडांची चळत, सरगुंड्यांची वेणी. वच्छलाबाईंनी पदर खाली केला. वास विसरल्या. एक कुरडई उचलून खिडकीकडे धरली.

"एक काडी मोडली नाही. एक मुंगी नाही. कुठं वाळवल्या वं विहीणबाई?"

हा प्रश्न ऐकण्यासाठीच वहिनींनी सगळा उन्हाळा काढला होता. त्या ताठ झाल्या. "माझ्या पोराच्या फिल्टर प्लँटवर!"

वच्छलाबाईंनी कुरडईचा एक तुकडा मोडला. सवयीप्रमाणे स्वतःच्या तोंडात टाकणार, तेवढ्यात नातीनं हात पुढे केला. त्यांनी तो तुकडा तिला दिला.

"नका खाऊ देऊ!"

इंद्रजित दारात होता. दोन ढांगांत आत आला आणि त्या लेकराच्या मुठीतून त्यानं तुकडा ओढून घेतला. पोरगी भोकाड पसरून रडायला लागली.

मी माझ्या स्वभावाप्रमाणे बोललेच, "अरे, बहिणीच्या रुखवतावर एवढा जीव? मोजून ठेवल्या काय?"

कुणी तरी हसलंसुद्धा. इंद्रजित हसला नाही.

"फिल्टर प्लँट नाही थो," तो म्हणाला. "संडासाचं पाणी येते तिथं. सगळ्या कॉलन्यांच्या. मी थे साफ करतो. पंख्यानं पाणी उडते, त्याच्यात जंतू असतेत, अन् हे सगळं त्या वाऱ्यात वाळलं. तळलं तं जंतू मरतीन. पण कच्चं नका देऊ लेकराले."

वर पंखा कुरकुरत होता. सगळे इंद्रजितकडे बघत होते. नात रडायची थांबली होती, तीही बघत होती.

"आपण तिथं चीक खाल्ला," वहिनी हळू म्हणाल्या. कुणाला सांगत होत्या कळेना. "मीच वाढला."

"म्हणून मी पंखे बंद केले, आई. अन् पंखे बंद केले म्हणून हा वास सुटला. तोही माझ्यामुळंच हाय."

वच्छलाबाई उठल्या, मोरीवर गेल्या, नातीचे हात साबण लावून धुतले, स्वतःचे धुतले. परत येऊन बळीरामभाऊंसमोर उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"पोरगी आमची झाली, तिचं काही नाही. पण हे रुखवत मारेगावात नका आणू. कोणी इचारलं, कुठं वाळवलं, तं मी काय सांगू?"

वहिनींनी पलंगावरची चादर चारी टोकांनी उचलून सगळ्यावर टाकली, मयतावर टाकतात तशी.

मंडळी गेली. जाताना जेवली का, नीट आठवत नाही. मी पोळ्यांची परात हातात घेऊन दारात उभी होते. निघून जायला हवं होतं, गेले नाही. बळीरामभाऊ खुर्चीत बसले होते.

"कवापासून?"

"लागलो तवापासून, बाबा."

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही दरवर्षी सांगता ना, आजोबांचं." इंद्रजित म्हणाला. "तवा मी मागं बसलेला असतो."

बळीरामभाऊंनी चष्मा काढला, पण पुसला नाही. तसाच हातात धरला.

"ढोर ओढणं अन् मोटर चालवणं एकच हाय का, थे मले आत्ता सांगता येत नाही. मले इचार करा लागीन. पण माझ्या बापानं घाण सोडली ना, ती सांगून सोडली. दारात उभं राहून. अन् तू? घाणीचं नाव लपवून वस्तीच्या बायाइले तिथं जेवू घातलं. लेकराइले घातलं. हे तं त्या पाटलानंही नाही केलं रे."

इंद्रजित भिंतीला टेकून खाली बसला. गुडघ्यांत डोकं घातलं. मला त्याचा नुसता मानेचा मागचा भाग दिसत होता, आणि तोसुद्धा लाल झाला होता.

"उठ," बळीरामभाऊ म्हणाले. "पोतं घे. वस्तीत जेवढं गेलं तेवढं गोळा कर. अन् दर दारात पुरं सांग. अर्धं नाही."

त्या संध्याकाळी बापलेक निघाले. पुढे बळीरामभाऊ, मागे रिकामं पोतं घेतलेला इंद्रजित. दर दारात म्हातारा बाजूला उभा राहायचा, स्वतः एक शब्द बोलायचा नाही, आणि पोराला बोलावं लागायचं. "मी संडासाचं पाणी साफ करतो. तुमचं वाळवण तिथलं हाय. परत द्या. माझी चूक हाय." कुठं शिव्या मिळाल्या. कुठं दार लागलं. एका घरी माणूस खो खो हसला, आणि ते हसणं शिवीपेक्षा वाईट होतं. हंसाबाईंनी डबा हातात दिला नाही, ओट्यावरून खाली ठेवला आणि पायानं पुढे सरकवला. इंद्रजितनं वाकून उचलला. बळीरामभाऊंनी ते पाहिलं. मीही पाहिलं.

माझ्या दारात आला तेव्हा मी म्हटलं, "माझे तं तळून खाऊन झाले रे."

"तळलेल्याचं काही नाही मावशी. आपण कच्चं खाल्लं, थे वाईट."

‘आपण’ म्हणाला. त्याला आईचा घास आठवत असणार. मला एखादा विनोद सुचायला हवा होता. माझा तो धंदाच आहे. सुचला नाही.

ठेकेदाराच्या इंजिनियरनं त्याला भरपूर झापलं, पण काढलं नाही. दुसरा माणूस मिळत नाही त्या कामाला. पंखे पुन्हा रात्रंदिवस फिरायला लागले, हळूहळू पाणी भुरकं झालं, वास गेला. वस्तीतला वास गेला नाही. विहारात पोरगं मागच्या रांगेत बसायचं, ते आता चपलांपाशी बसायला लागलं. त्याच्या शेजारची जागा रिकामी असायची. कुणी ठरवून ठेवत नव्हतं. राहायची.

लग्न विहाराच्या अंगणात झालं. रुखवताच्या टेबलावर स्टीलची भांडी, भरतकामाच्या उशा, आणि मधोमध बरीचशी मोकळी जागा. वहिनी दिवसभर त्या टेबलाकडे पाठ करून वावरल्या.

मग पंगत बसली. बळीरामभाऊंचा हट्ट, बुफे नको, पत्रावळीवरच जेवू घालायचं. आमच्याकडे नवरीचा भाऊ पंगतीत वाढतो, वाढलंच पाहिजे. इंद्रजित मात्र आचाऱ्याच्या पलीकडे नळाशी उभा होता आणि हात धूत होता. धुवायचा, पुसायचा, पुन्हा धुवायचा. शेवटी बळीरामभाऊंनी त्याच्या हातात आलू-वांग्याच्या भाजीची बादली दिली.

तो पंगतीत आला. आमच्या बायांच्या रांगेपासून सुरुवात. पहिल्या हंसाबाई. त्यानं पळी उचलली आणि हंसाबाईंचा हात पत्रावळीवर आडवा गेला. "नको बाप्पा, पोट ठीक नाही." पुढचीचाही हात. "मले भाजी चालत नाही." पुढचीचाही. हात आडवे होत गेले रांगेनं, सगळे ओळखीचे, सगळे त्या गच्चीवर चीक चाटलेले, आणि सगळे त्या माणसांचे, ज्यांच्या आज्यांना पाणी वरून ओंजळीत ओतून मिळायचं. माझ्या पत्रावळीपर्यंत तो पोचलाच नाही. रांगेच्या मध्यात बादली धरून उभा राहिला. मान खाली. लग्नाच्या नव्या सदऱ्यातून त्याचे खांदे आत गेलेले दिसत होते.

बळीरामभाऊ पंगतीच्या टोकाला होते. नवरीचा बाप, तो सगळ्यांच्या शेवटी जेवतो. ते चालत आले आणि हंसाबाईंच्या समोर, उघड्या जमिनीवर मांडी घालून बसले. हंसाबाईंची कोरी पत्रावळ त्यांनी स्वतःपुढे ओढली.

"वाढ."

इंद्रजितनं वाढलं. बळीरामभाऊंनी एक घास घेतला. सगळी पंगत बघत होती, मारेगावकर बघत होते. त्यांनी सावकाश चावला, गिळला आणि वर पाहिलं.

"मीठ कमी हाय," ते म्हणाले. "पुढं जा. लोकं खोळंबले."

समोरच्या रांगेतून वच्छलाबाईंचा आवाज आला, "मीठ कमी हाय तं इकडे आण आधी, मी सांगतो किती ते." काही बाया हसल्या. आमच्या रांगेत कुणी हसलं नाही. आमच्या रांगेतले आडवे हात एकेक करून बाजूला झाले, कुणाकडे न बघता, चोरी करून हात मागे घ्यावा तसे. फक्त हंसाबाई उठून हात धुवायला गेल्या आणि वरात निघेपर्यंत नळाकडेच उभ्या राहिल्या.

इंद्रजित माझ्यापर्यंत आला. मी पत्रावळ पुढे केली. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही, मी त्याच्याकडे पाहिलं नाही. भाजीत खरंच मीठ कमी होतं.